शेजारची सीट

"आता आणखी काय राहिलंय?" माईंनी विचारलं.

जीपच्या खालून तात्यांचे नुसते दोन पाय बाहेर दिसत होते. त्यामुळे माईंनी पायांनाच विचारलं. पाय जरासे आत सरकले.

"मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतून आवाज येतोय," शेवटी खालून उत्तर आलं.

"काल पुढून येत होता."

"तो गेला. हा नवा."

माई आत निघून गेल्या. ना फणकारा, ना टोमणा. तात्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटे.

दीड महिन्यापूर्वी ही जुनी जीप दारात आली, तेव्हा तिला जीप म्हणायला मन मोठं लागत होतं. तळाचा पत्रा इतका सडलेला, की बसल्या जागी पायाखालचा रस्ता दिसायचा. वरचा कापडी टप फाटका. एक दरवाजा दोरीने बांधलेला. फोर-व्हीलचा गिअर तर कित्येक वर्षं एकाच जागी ठाण मांडून बसला होता. भंगारवाला हल्ली घरपोच देतो का, असं शेजाऱ्यांनी विचारूनही घेतलं. पण तात्यांची सगळी नोकरी वीज कंपनीच्या जीपमधून डोंगरावरच्या तारा जोडण्यात गेली होती. ते असल्या बोलण्याला भीक घालणारे नव्हते. त्यांनी नवा पत्रा वेल्ड करून घेतला, टप स्वतः शिवला, ब्रेक नवे बसवले, आणि त्या हट्टी गिअरला तेल पाजून पाजून माणसात आणलं. आता चावी फिरवायचा अवकाश, जीप सुरू होई.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी होता. लेक डोंगरावरच्या शाळेत शिकवायची आणि तिथेच राहायची. बस पायथ्याशी सोडून द्यायची. पुढे दगडधोंड्यांची तासाभराची चढण, साध्या गाडीला न जमणारी. तात्या महिन्यातून एकदा एकटेच जाऊन येत. माईंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. दोन वर्षं झाली, लेकीचं घर माईंनी फक्त फोनवर पाहिलं होतं. कुठली खिडकी कुठे आहे, ते त्यांना पाठ झालं होतं. येत्या रविवारी निघायचं ठरलं होतं. गेल्या रविवारीही ठरलं होतं. त्याच्या आदल्याही.

शनिवारी उस्ताद आले. उस्ताद म्हणजे गॅरेजवाले, तात्यांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी जीप चढावर नेली, खड्ड्यांत आदळली, मुद्दाम चिखलात घालून बाहेर काढली आणि चावी तात्यांच्या हातावर आणून ठेवली.

"तुझ्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे ही. आवाज-बिवाज काही नाही. एकटा फिरवतोस तेव्हा येतो का तुला?"

"नाही," तात्या म्हणाले.

"मग उद्या वहिनींना बसव आणि नीघ. परत आवाजासाठी फोन केलास, तर पाना फेकून मारीन."

तात्या हसले खरे, पण चावी नुसती मुठीत फिरवत राहिले. उस्तादांनी नेमकं दुखणं पकडलं होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक छोटी कार होती, आणि त्या कारमध्ये घरचा एक कायदा होता. चालवणाऱ्याने गाडी चालवायची, शेजारी बसणाऱ्याने त्याला जागं ठेवायचं. माईंनी हे काम मोठ्या निष्ठेने सांभाळलं. "समोरून ट्रक. डावीकडे कुत्रं. कुत्र्याचं अजून ठरत नाहीये. आता ठरलं, थांबा." शंभर शंभर मैल त्यांची टकळी चाले. आणि एका दुपारी, लांबच्या प्रवासातून परतताना, तात्यांचा डोळा लागला. कार रस्ता सोडून कडेच्या चारीत गेली. तात्यांना खरचटलंसुद्धा नाही. माईंचा खांदा मोडला.

तीन महिने हात गळ्यात होता, पण माईंनी एका शब्दाने बोल लावला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या तात्यांच्या शेजारी कधी बसल्या नाहीत. कुठे जायचं तर भाड्याची गाडी, आणि तीत मागची सीट. तात्यांनी समजायचं ते समजून घेतलं आणि कार विकून टाकली.

रविवारी सकाळी तात्या बाहेर आले, तर माई जीपजवळ उभ्या. पायाशी दोन पिशव्या, लेकीसाठी विणलेला स्वेटर, पाण्याची बाटली. तयारी जय्यत होती.

"अगं, क्लच जरा..." तात्यांनी सुरुवात केली.

"क्लच काल उस्तादभावजींनी बघितलाय."

तात्यांनी उगाच टायरला लाथ मारून पाहिली. टायरमध्येही काही खोट निघेना. मग त्यांचा धीर सुटला.

"गाडीत काही बिघाड नाही," ते म्हणाले. "मलाच भीती वाटते. तुला घेऊन चालवायची. माझ्यामुळे तुझा खांदा गेला. तुझा भरवसा उडाला, त्यात तुझी काय चूक? तू मागे बस. मी अगदी हळू नेईन."

माई बराच वेळ टपाच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी शेजारी बसत नाही ते तुमच्या गाडी चालवण्याच्या भीतीने, असं वाटलं तुम्हाला? सहा वर्षं सांगीन सांगीन म्हणतेय. तुम्ही एवढे स्वतःला कोसत राहिलात, मग माझी जीभच उचलेना."

"काय सांगायचंय?"

"त्या दिवशी तुमच्या आधी माझा डोळा लागला होता."