हलकं काडतूस

कापसाला सोन्याचा भाव आला, तसे पातूर-अकोला वाटेवर लुटारूही वाढले. सत्यभामाबाई आपल्या कापसाच्या गाड्यांसोबत स्वतः अकोल्याला येत. त्यांचं जुनं, दारू ठासून टोपीवर उडवायचं पिस्तूल नत्थू मिस्त्रीनं काडतुसावर चालेल असं करून दिलं.

“यात हलकं काडतूसच घालजा, बाई. जोरदार घातलं तं काडतुसं बसतेत ते जुनी चक्री हातातच फुटन.”

“हलक्यानं माणूस मरते का?”

“जवळून मरते.”

“मंग याच्याहून हलकं द्या.”

“काहून?” नत्थूला राहवेना.

“पातूरच्या घाटात गाड्या अडवते, तो माहा धाकटा भाऊ हाय. त्याले नुस्तं भेववाचं हाय.”

नत्थूनं चिमटा घेतला आणि एकेका काडतुसातली गोळी उपसू लागला.