कमी उजेडाचा दिवा

लियाकतनं पट्टीवरचे आणखी काही एलईडी काढले आणि दिवा परत टाकीवर ठेवला. पाण्यात आता मोजक्याच काड्या उभ्या होत्या. बाकीचं पाणगवत तपकिरी होऊन तळाशी बसलं होतं.

"अब्बा, टाकीकडं बघता तेवढं जरा ताटाकडं बघा," सून गुलनाज म्हणाली. वाढलेली भाकरी केव्हाच गार झाली होती.

"तुझ्या सासूच्या हातचं आहे ते," लियाकत म्हणाला. "मरू द्यायचं नाही."

त्याची बायको सुगरा जाऊन महिना उलटला होता. टाकी तिची, दिवा त्याचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून तो घरी बसला, त्या वर्षी सुगरानं भाटघरच्या धरणातून मूठभर पाणगवत आणून काचेच्या टाकीत लावलं. मधल्या खोलीला खिडकी नाही. ट्यूब लावावी, तर लोडशेडिंगमध्ये निम्मा दिवस अंधार. म्हणून त्यानं पुण्याहून पांढरे एलईडी आणले, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ओळीनं बसवले आणि जुन्या स्कूटरच्या बॅटरीवर दिवा जोडला. उजेड बेताचाच. पण गवताला तेवढा पुरे, असं त्याचं गणित होतं.

गणित बरोबर ठरलं. दोन वर्षं गवत हिरवंगार राहिलं. कधी छाटायचीसुद्धा वेळ आली नाही. सगळ्या आळीत अंधार असताना लोक ती टाकी बघायला येत. सुगरा प्रत्येकाला सांगे, "ह्यांनी बनवलाय." पाणी बदलायचं काम मात्र तिचं. त्याला ती जवळ येऊ देत नसे.

आता टाकी तीच, दिवा तोच, आणि गवत कुजत चाललं होतं.

एलईडी मंद झाले असतील म्हणून त्यानं नवे बसवले, जास्त बसवले. काचेवर शेवाळ चढलं. थोडे काढले, तर गवत पिवळं पडलं. दिवा वर उचलला, खाली आणला. बॅटरी बदलली. काड्या कमीच होत गेल्या.

"दुसरं आणून लावा की," गुलनाज म्हणाली. "अम्मींनी पण धरणातनंच आणलं होतं ना?"

"दुसरं ते दुसरं. हे तिनं लावलंय."

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं भाटघरला गेला. गवत आणायचं नव्हतं. ते किती खोल उगवतं, तिथवर उजेड किती पोचतो, तेवढं बघायचं होतं. मग दिवा तसाच करता आला असता.

काठावर ज्ञानू नावाचा एक मासे धरणारा जाळं उकलत बसला होता. लियाकतनं त्याला गवताचं विचारलं, तसा तो हसला.

"काचंच्या पेटीसाठी व्हय? कशाला डोकं शिणवता, चाचा! त्येला कडक ऊन लागतं. घरात न्हाई जगत. धा-पंधरा दिसांत कुजाय लागतंय."

"माझ्याकडं दोन वर्षं जगलंय," लियाकत जरा चिडून म्हणाला. "दिवा मी स्वतः बनवलाय."

"भोरच्या सुगराभाभीच्या मालकालाबी असंच वाटतं," ज्ञानू म्हणाला. "पाणी बदलायच्या आदी भाभी गुपचूप हितं येनार, म्या ओली जुडी बांधून देनार. जुनं काढून नवं लावत्यात. आता लई दिस झालं, आल्या न्हाईत."

ज्ञानूनं जाळ्याची एक गाठ सोडवली.

"एकदा म्या म्हनलं, भाभी, सांगून टाका की मालकाला, दिवा चालंना म्हनून. तर म्हनल्या, 'नको रे ज्ञानू. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदा त्ये ताठ मानेनं चारचौघांत बोलायला लागल्यात.'"