करवंटीचा राक्षस

राक्षस दुसऱ्याच फेरीत मेला आणि अनुजाने फासे ओट्यावर आपटले.

"ह्याका झुंज म्हणतत? चाय निवाक नाय आणि तुझो राक्षस गेलो."

विनीतचा चेहरा पडला. गोष्ट तो सांगायचा, राक्षसही त्याचेच. अनुजा, सानिया आणि मितेश यांचा एकेक वीर. वीर म्हणजे शिंपला, राक्षस म्हणजे नारळाची करवंटी. तिचा किती जीव उरला ते खडूने तिच्यावरच लिहायचं, आणि कुणाला किती लागलं ते फाशांनी ठरवायचं. पण विनीत आपले फासे कॅलेंडरच्या पुठ्ठ्याआड टाकून आकडा तोंडीच सांगायचा, आणि चार वर्षांत त्याच्या एकाही राक्षसाने एकाही वीराला धड लोळवलं नव्हतं. लोळवणार कसा? घरातल्या पालीलाही झाडूने हळूच बाहेर सोडणारा माणूस तो. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. अनुजा आज बोलली, कारण संध्याकाळच्या गाडीने ती नोकरीला पुण्याला चालली होती. शेवटची झुंज तरी खरी होऊ दे, एवढंच तिचं म्हणणं.

विनीतने करवंटी पुसली, आधीच्या चाळीसच्या जागी साठ लिहिलं.

त्याची आई शर्मिला पलीकडे बसून जाळं सांधत होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलाचं अडलेलं कळत होतं.

"एकटो राक्षस कितीव मोठो कर, मरतलोच," ती मान वर न करता म्हणाली. "तिघाय तेच्यावर तुटान पडतत. तुझ्या बाबाच्या जाळ्यात एखादी मोठी मोरी मासळी गावली तर सगळे तिकाच धरतत, खंय जातली ती? पण केंड येवंदे. एवढोसो मासो, पण शेकड्यान येता, जाळी कुरतडता. सगळ्यांचे हात केंडांत अडाकतत आणि मोठो मासो भोकातसून जाता."

विनीत तिच्याकडे बघतच राहिला. मग उठला आणि स्वयंपाकघरातून मूठभर चिंचोके घेऊन आला. करवंटीवर परत चाळीस लिहिलं. चिंचोके बारा, एका फटक्यात मरणारे.

अनुजाने पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. आता फासे सगळ्यांसमोर पडणार होते.

मग जी धांदल उडाली! मितेशने तीन चिंचोके उडवले तोवर चार सानियाला चिकटले. करवंटीवर एखाददुसरा घाव घालण्यापलीकडे कुणाला फुरसत नाही, आणि ती आपली सावकाश एकेकाला हाणतेय. पाचव्या फेरीत विनीतने तिचे फासे टाकले. सगळ्यात मोठा आकडा पडला. त्याचा हात सवयीने पुठ्ठ्याकडे गेला, पण पुठ्ठा तिथे नव्हता.

अनुजाचा शिंपला आडवा झाला. या फेरीत कुणी उचलला नाही तर संपला. चार वर्षांचा वीर.

करवंटीवर सात उरले होते. पाळी सानियाची, आणि तिचा एक घाव पुरला असता.

"माका सोड," अनुजा म्हणाली. "तेका मार."

सानियाने आपला शिंपला उचलला, करवंटीपासून मागे नेला आणि अनुजाच्या शिंपल्याला टेकवला. मितेश चिंचोक्यांच्या आडवा उभा राहिला. करवंटी हळूहळू ओट्याच्या कडेपर्यंत गेली, म्हणजे समुद्रात गेली.

"सातच उरलेले गो," अनुजा कळवळली. "हातचो घालवलंस."

"जावंदे. दर्यातच आसतलो तो," सानिया म्हणाली. "तू गणपतीक ये, मगे मारूया."

अनुजाचे डोळे भरून आले. विनीतचे तर आधीच भरले होते. मग बॅगा, रिक्षा, गाडी चुकेल म्हणून आरडाओरडा, आणि ओटा रिकामा झाला.

दिवेलागणीला विनीतचे वडील, सत्यवान, न्हाणीची चूल पेटवायला बसले. ओट्यावरच्या करवंट्या गोळा करून एकेक आत सारत होते. शर्मिलाने त्यांच्या हातातली एक काढून घेतली.

"ही नको."

"कित्याक?"

तिने खडूचा आकडा पुसला जाणार नाही अशा बेताने करवंटी फळीवर उपडी ठेवली.

"जीव आसा तिच्यात अजून."