अप्पलनरसम्माच्या पेशी

पेशी वाढत होत्या. हिमबिंदूने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, पुसले आणि पुन्हा लावले. काल बाटलीच्या तळाशी सुटी सुटी बेटं होती, आज ती एकमेकांना भिडली होती. पीएचडीची चार वर्षं तिने यातच घातली होती. चाळीस रुग्णांच्या गाठींचे तुकडे आणले, आणि दर वेळी दुसऱ्या आठवड्यात सगळा कारभार आटोपला. हा एक्केचाळिसावा तुकडा मात्र दोन महिने जगला होता.

पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, ओढणाऱ्या बायकांना टाळूचा कर्करोग होतो. त्या पेशी बाटलीत जगल्याच नाहीत, तर औषध तपासायचं कशावर? हिमाच्या मार्गदर्शक कामेश्वरी मॅडम एरवी हसायलाही वेळ काढत नसत. आज त्यांनी स्वतः पूतरेकुलू मिठाईचा पुडा फोडला आणि सगळ्यांना वाटला. हिमाला तर विशाखापट्टणमच्या भर रस्त्यात नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात शिपाई सांगत आला, भीमिलीची अप्पलनरसम्मा आली आहे. हातात संमतीचा कागद आहे.

हा तुकडा तिचाच होता. शस्त्रक्रियेच्या आधी तो कागद हिमानेच तिला वाचून दाखवला होता. मन बदललं तर केव्हाही या, आम्ही पेशी नष्ट करू, असं त्यात होतं. गेल्या वर्षी एका रुग्णाचा मुलगा असाच कागद घेऊन आला होता. देहाचा तुकडा मागे राहिला तर बापाला गती मिळणार नाही, म्हणाला. मॅडमनी निमूटपणे बाटली रिकामी केली. त्या पेशी तशाही मरायला टेकल्या होत्या, म्हणून कुणाला फारसं लागलं नव्हतं.

म्हातारी बाहेर बाकावर बसली होती. कापलेल्या टाळूच्या जागी प्लेट बसवल्यामुळे शब्द नाकातून येत होते, पण तोरा तोच होता.

"पोरी, माझं ते जिवंत आहे का?"

नुसतं नाही म्हटलं असतं तर म्हातारी घरी गेली असती. हिमाच्या ओठांवर आलंही होतं. पण इतका विश्वास टाकून अंगठा देणाऱ्या बाईशी खोटं बोलणं तिला जमेना.

"आहे, अम्मा," ती म्हणाली. "चांगलं जोमात आहे. तुमच्यामागेही जगेल. नको असेल तर आजच संपवते."

"संपवतेस कशाला?" म्हातारी फणकारली. "मेलं असेल म्हणून माझाच जीव टांगणीला लागला होता. हा कागद बघितल्याशिवाय गेटवरचा मेला आत सोडेना."

तिने जिन्याकडे वळून हाक मारली. तोंडाला पदर लावलेली एक तिशीची बाई वर आली. ही थोरली लेक, पायडितल्ली, असं म्हणून म्हातारीने तिचा पदर बाजूला केला आणि तिला तोंड उघडायला लावलं.

टाळूवर भाताच्या शितांएवढे पांढरे डाग होते.

"माझ्या त्या तुकड्यावर काय शिकायचं ते भराभर शिकून घे," अप्पलनरसम्मा म्हणाली. "हिचं कापायची पाळी यायच्या आत."