आखूड दोर

यंदाही बाबांनी सुकाणू माझ्या आतेबहिणीच्या, ऋजुताच्याच हातात दिलं. दर सुट्टीत शिडाच्या होडीतून पडके जलदुर्ग पाहायचे आणि मी नुसते दोर गुंडाळायचे!

ऐन भरतीला तिने होडी किल्ल्याच्या पायरीला आखूड दोराने बांधली. ओहोटीत होडी लटकणार, हे मला दिसत होतं. मी गप्प बसले. कळू दे बाबांना भाचीची हुशारी!

तटावरून पाहिलं, तर पाणी उतरून होडी कलंडायला लागलेली. राहवेना. धावत जाऊन मी दोर सैल सोडला.

"शाब्बास ऋजुता, दोर बरोबर सैल ठेवलास," खाली आल्यावर बाबा म्हणाले.

"मी नाही मामा, हिने सोडला. मी चुकलेच होते."

सुकाणू माझ्या हातात आलं, तरी जळफळाट थांबेना. खरं बोलण्यातही हीच पुढे!