दुसरी नोंद

आज त्याने तीनदा ओ दिली.

थंडीने बोटं आखडली होती, तरी तिने वहीत लिहून घेतलं: पूर्व काठ, पाच बेचाळीस, दाट धुकं. मग छोटा स्पीकर बंद करून ती फळ्यांच्या धक्क्यावर तशीच बसून राहिली. पाणी कुठे संपतंय आणि आभाळ कुठे सुरू होतंय, काही कळत नव्हतं. आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच आहोत, अशी शंका तिला इथे रोज एकदा तरी यायची.

रीत ठरलेली होती. घुमऱ्या बगळ्याची जुनी ध्वनिफीत मिनिटभर वाजवायची आणि मग पाच मिनिटं श्वास रोखून ऐकायचं. हा पक्षी दिसत नाही. लव्हाळ्यात लव्हाळं होऊन उभा राहतो. नुसता ऐकू येतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर मारावी तसा. अकरा वर्षांत या पाणथळावर तो कुणी ऐकला नव्हता. आणि या हंगामात वन्यजीव विभागातली ही शेवटच्या वर्षाची पोर त्याला पहाटे हाक मारत होती, आणि तो धुक्याच्या पलीकडून उत्तर देत होता. अगदी हुबेहूब फितीतल्यासारखं.

परीक्षेचा आठवडा सोडला तर तिने एकही पहाट चुकवली नव्हती. तो मात्र गुरुवारी हटकून गप्प असायचा. ‘साहेबांची साप्ताहिक सुट्टी’ असं तिने समासात लिहून ठेवलं होतं.

फीत सरांची होती. ऐन तारुण्यात याच पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून त्यांनी ती भरली होती आणि निवृत्त होताना सगळ्या वर्गाला तिच्या प्रती वाटल्या होत्या. तिला ‘टिपकागद’ हे नावही त्यांचंच. पहिल्या वर्षी ती सरांचं प्रत्येक वाक्य टिपून घ्यायची, त्यांचे विनोदसुद्धा. आता सरांचं हृदय कुरकुरत होतं आणि डॉक्टरांनी पाणथळाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं. म्हणून तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर सर तडक धक्क्यावर येऊन बसले असते.

दुपारी मार्गदर्शक मॅडमनी पक्ष्याच्या नोंदीसाठीचा तिचा अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सगळं झकास आहे गं. पण हा रकाना रिकामा आहे.”

“माहितेय, मॅडम.”

“दुसरा स्वतंत्र साक्षीदार हवा. आणि मुदत आज पाचपर्यंत. आधी बोलली असतीस तर मीच आले असते ऐकायला.”

“खात्री करत होते.”

“खात्री करता करता हंगाम संपला की.” मॅडम ओरडल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. “माझा तुझ्यावर विश्वास आहे. समितीचा एका कानावर बसत नाही. आज नोंद गेली नाही तर पाणथळ संरक्षित यादीतून जाईल. उन्हाळ्यात भराव, मग गोदामं.”

तो बिचारा उद्याही ओ देईल, परवाही देईल, आणि मग एक दिवस त्याच्यावर मातीचे ट्रक रिकामे होतील, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. रडायला हक्काची जागा एकच होती. ती सरांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं. खिडकीत सरांचे बूट उन्हाला उपडे घातले होते.

“बागेत फिरायला जातात म्हणे,” काकू म्हणाल्या. “बागेत एवढा चिखल कुठून येतो देव जाणे! गुरुवारी त्यांची व्यायामाची बाई सकाळीच येते, तेवढाच दिवस घरात सापडतात. बस, चहा टाकते.”

काकू आत वळल्या आणि तिने सरांना सगळं एका दमात सांगून टाकलं. फीत, धुकं, तो, रिकामा रकाना. सांगून झालं तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“म्हणजे तूही ऐकलास,” ते हळूच म्हणाले.

ते उठले. कपाटातल्या जाडजूड शब्दकोशांमागे हात घालून त्यांनी एक निळी वही काढली. “काकूला बोलू नकोस. जीव घेईल माझा.”

पहिल्याच पानावर होतं: पश्चिम काठ. खाली तारखा, वेळा. तिने आपली वही शेजारी उघडली. तारीख तीच. पाच बेचाळीस, पाच त्रेचाळीस. पुढची तारीख तीच. दोन काठ, दोन वह्या, चार कान. तिला हसू येईना, रडू येईना. मग दोन्ही एकदमच आलं.

“सर, वाचलं पाणथळ!”

“वाचलं म्हणजे काय, वाचणारच!” सरांनी रिकाम्या रकान्यात आपली लांबलचक सही ठोकली. सव्वाचार झाले होते. तिने अर्ज छातीशी धरला, चहाला नाही म्हटलं आणि चपला पायांत सरकवल्या.

सर दारापर्यंत आले. अजून त्या धुक्यातच असल्यासारखे बाहेर बघत होते.

“मन लावून बोलायचा गं माझ्याशी. मी माझा जुना टेप वाजवला की लगेच तुझ्या काठावरून ओ द्यायचा. रोज. फक्त एक आठवडा चकार शब्द काढला नाही त्याने. तुमच्या परीक्षा होत्या ना, तेव्हा.”