एलूल लागेपर्यंत

“सख्ख्या भावाला चारचौघांत खोटारडा म्हणालात. आजच जाऊन माफी मागा,” सिप्पोरा नवऱ्याला म्हणाली.

“दहा दिवसांनी एलूल महिना लागतोय,” हनोख म्हणाला. “त्या महिन्यात राजा महाल सोडून शेतात येतो, म्हणजे देवच माणसांत येतो, असं बाबा सांगायचे. तेव्हा मागितलेली माफी फळते.”

“राजा येईल हो. भाऊजींनी तोवर झुरत बसायचं का?”

आठव्या दिवशी धाकटा भाऊ वारला.

एलूलच्या पहिल्या सकाळी हनोख खाडीकाठच्या कबरस्तानात आला. मेलेल्याची माफी दहा यहुदी पुरुषांसमोर मागायची असते. गावात हनोखखेरीज, धाकट्याला धरून दहाच होते.

“हनोख, एक माणूस कमी आहे,” प्रार्थना चालवणारे म्हातारे हज्जान म्हणाले.

“तो कमी आहे, म्हणूनच तर आलोय,” हनोख म्हणाला.